टेकाडातली बाहुली

तेर, रविवार, १० मे १९५९

चूक माझीच. सोलापूरहून गोरी, बारीक कमरेची बाहुली मीच हौसेनं आणली. तेव्हापासून माझी कुसुम बेसन लावून गाल घासत बसते. "आई, मी अशी का न्हाय?"

आज भिंती सारवायला सासूबाईंसोबत टेकाडावरची पांढरी माती खणत होते. ढेकळातून बोटाएवढी बाहुली निघाली! भाजक्या मातीची, काळसर, जाड ओठांची, रुंद कमरेची. सासूबाई म्हणाल्या, "लई जुनी, हजार वर्सांमागची आसंल." कुणाच्या लेकीसाठी केली असेल?

घरी आणल्यावर कुसुमनं ती परकरानं पुसली, आरशापुढं स्वतःच्या गालाशी धरली. कितीतरी वेळ बघत राहिली.

मग हळूच म्हणाली, "आई, जिनं ही केली, तिनं मला कुठं बघितलं असंल?"