जोडकामाची डबी

बर्मिंगहॅम, गुरुवार

प्रिय ऑस्टिन,

आपल्या तोंडाला लावायच्या पावडरच्या चपट्या डब्यांच्या कारखान्याचा इतिहास तू संग्रहालयात मांडतो आहेस, आणि आईचीच डबी परत पाठवलीस. "अगं सेसिली, झाकण एका नमुन्याचं, बूड दुसऱ्याचं. इतिहासात भंगार कशाला?" असं फोनवर म्हणालास.

भंगारच आहे ती. पोचा आलेली डबी मुकादम हातोडीनं चेपून टाकायचा. पण कारखान्यातल्या एखादीचं लग्न ठरलं, की बायका अशा डब्यांचा एकेक चांगला भाग एप्रनखाली लपवायच्या आणि जोडून तिला डबी द्यायच्या. आईचं लग्न तर मालकाच्या मुलाशी ठरलं होतं. आजोबा म्हणाले, "माझ्याच कारखान्यात चोरी?" आई म्हणाली, "सुनेला तुम्ही काही दिलं नाहीत, साहेब. मग मैत्रिणींनी दिलं."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटनं ती माझ्याकडून काढून घेतली, तेव्हा आई अर्धा चहा तसाच टाकून शाळेत आली आणि परत घेऊन गेली.

तुझ्या काचेच्या कपाटातल्या सगळ्या डब्या कोऱ्या आहेत. एकीनंही कुणाचं नाक पाहिलेलं नाही.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, नाहीतर तू मला दारातच अडवशील. शनिवारी उद्घाटनाला येते आहे. महापौर फीत कापतील, तेव्हा मी त्या कपाटासमोर आईची डबी उघडीन आणि सावकाश नाकाला पावडर लावीन. कुणी विचारलं, तर सगळं सांगीन.

तुझी बहीण आणि कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणाऱ्या नोराची मुलगी,
सेसिली