भेग जुनीच

बोळिंज, विरार (पश्चिम)
दि. १८ फेब्रुवारी २०२५

सदानंद भावोजी यांस,
विनिता वहिनीचा नमस्कार. तुम्ही आणि प्रेमलता बरी असाल. इथे सगळे जेवूनखाऊन आहेत; खुशाल म्हणवत नाही.

त्या सकाळी मी भाकरीची उकड मळत होते. अळू खुडून सुपात ठेवलं होतं, संकेतची शाळेची घाई चालली होती. विहिरीवर पाण्याची पाळी तुमची आणि पंप आमचा चालू. मी तुमच्या भावाला म्हटलं, "अहो, आज त्यांची पाळी." तर म्हणाले, "केळी सुकतात, पाळी नाही सुकत." मग तुमचा आवाज आला. ओटीवर न चढता अंगणातूनच म्हणालात, "आजपासून तुमचं सुतक आम्हाला नाही, आमचं तुम्हाला नाही." भाऊबंदांत जे तुटायला सात पिढ्या लागतात, ते सख्ख्या भावांनी न्याहारीच्या आधी तोडलं.

पस्तीस वर्षं झाली. तुम्हाला ठाऊक असलेलंच लिहिते आहे, कारण परवा आमच्या धाकट्या धवलने थोरल्या संकेतला त्याच अंगणात तेच वाक्य ऐकवलं. धवलला त्याची बाजू बिल्डरला द्यायची आहे, संकेतला वाडी ठेवायची आहे. वाटणीची रेघ पुन्हा विहिरीवरूनच जाते. मामंजी आणि त्यांचे भाऊही तिथेच वेगळे झाले होते ना?

मी सातवी शिकलेली. डहाणूकडे हादरे बसायला लागले तेव्हापासून जमिनीच्या पोटाची पुस्तकं वाचते. संकेतची लेक क्षितिजा कॉलेजात तोच विषय शिकते, ती आणून देते. पुस्तकात भेगेला भ्रंश म्हणतात, बुद्धिभ्रंशातला. खडक एकदा तुटला की वर थर साचतात आणि कोट्यवधी वर्षांनी वाटतं, बुजली भेग. पुढे कधी जमीन दोन्हीकडून ओढली गेली की ती नव्या जागी फाटायचे कष्ट घेत नाही. पुष्कळदा जुन्या भेगेवरच उघडते. मधला भाग खचतो, त्यात गाळ भरत राहतो. ओढणारं बळ दर वेळी नवं, भेग तीच.

मी क्षितिजाला विचारलं, "मग दोन्हीकडून दाबलं तर मिटत असेल?"

ती हसली. "आजी, दाबलं की त्याच भेगेवरून खचलेला भाग वर चढतो. तिथे डोंगर होतो."

"म्हणजे समेट नाहीच?"

"दगड आहेत गं ते, आजी!"

गावाने दोनदा तुम्हा भावांना समोरासमोर बसवलं होतं. दोन्ही वेळा अबोला आणखी उंच झाला, ते आठवलं.

त्या सकाळी धवल जन्मलाही नव्हता. मग ते वाक्य त्याच्या तोंडात आलं कुठून? माझ्याकडून. काकाने काय केलं, काकू तुझ्या बारशाला कशी आली नाही, आणि बाप मरत असताना काकाने कसं पाऊल टाकलं नाही, हे मी या पोरांना भातावर आमटी वाढावी तसं वाढत आले.

रविवारी शेजारचा क्लेमेंट मिस्साहून येताना ओटीवर टेकला. पोरांचं ऐकून म्हणाला, "ह्यांना काय बोलायचं, सदाच तसला. भाऊ गेला तेव्हा मला गोखिवऱ्याच्या बाजारात भेटलेला. डोक्यावर केस नाय, मिशी नाय. मी म्हटलं, उन्हाळा लागला काय रे? तर म्हणतो, काल भावाचा दहावा केला. माझं टाळकंच सटकलं. दहावा करतो, मग बोलावलं तेव्हा का नाय आला? तर म्हणे, मला कोणी बोलावलं? तोंडावर खोटं बोलला बघ!"

"हे दोन वर्षं का नाही सांगितलंस?"

"तुला आणखी कशाला ताप, वहिनी."

म्हणजे सुतक तुम्ही पाळलं. स्वतः तोडलेलं, एकट्याने, गोखिवऱ्याच्या फ्लॅटच्या चार भिंतींत. आणि क्लेमेंट आजही तुम्हाला खोटारडा समजतो.

तुम्ही खोटं बोलला नाहीत.

आज संध्याकाळी संकेत आणि धवलला समोर बसवून हे पत्र वाचून दाखवणार आहे, मग टपालपेटीत टाकीन. ते एकत्र राहतील अशी आशा नाही. निदान तुटायचं तर आपल्या कारणाने तुटू देत, माझ्या पदरच्या कारणाने नको. तुमची माफी मागत नाही. अंगणातल्या त्या शब्दांचा राग अजून आहे, आणि तो खराही आहे. पण त्या रागातून मी केलं ते तुमच्या शब्दांहून वाईट आहे.

ह्यांचा श्वास पुरत नव्हता. मंगळवारी दुपारी माझं मनगट धरून म्हणाले, "सदाला बोलव." मी म्हटलं, "बोलावते." त्यांनी हात सोडला. मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले. फोन फळीवर होता. तुमचा नंबर क्षितिजाने कागदावर लिहून दिलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लेमेंट खाटेशी येऊन उभा राहिला. "सदाला कळवलं काय?" हे उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "कळवलं. येत नाही म्हणाले."

हरिश्चंद्राची बायको,
विनिता