शनिवारचे मासे

१२ एप्रिल, शनिवार

सहा! सहा वेळा मासा आला आणि सहाही वेळा मी मोकळी काठी हवेत उडवून बसले. शेवटच्या वेळी तर इतका जोरात झटका दिला की जिग पाण्यातून सुटून माझ्या कानाजवळून सूं करत गेली. जिग म्हणजे तरी काय — शिशाच्या डोक्याचा एक गळ, वर रबरी झालर, मागे रबरी शेपटी. असलं खेळणं फेकून माझा भाऊ रोंडल पाच-पाच पौंडांचे बास मासे काढायचा. मी त्याची सख्खी बहीण, सत्तेचाळीस वर्षांची घोडी. मला एक येईना.

 बाबा हल्ली स्वतः काठी धरत नाहीत, पुढे बसून फक्त मोटर चालवतात. खिशातून वही काढली, काहीतरी लिहिलं, वही परत खिशात. माझ्या चुका मांडून ठेवतायत वाटतं.

१३ एप्रिल, रविवार

चर्चमधून आल्यावर बाबा होडीपाशी गेले. खुर्चीपाशी नाही — होडीपाशी! हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या रडू आलं की वाचता येईल.

फेब्रुवारीत रोंडलची गाडी बर्फावरून घसरली आणि तो गेला, त्याला आज नऊ आठवडे झाले. त्यातले आठ आठवडे बाबा बंद टीव्हीकडे तोंड करून बसले. जेव म्हटलं की जेवायचे, झोप म्हटलं की झोपायचे. मी लेक्सिंग्टनच्या हॉस्पिटलातून रजा काढून आले, ती पाच मेपर्यंत. वृद्धाश्रमाचा फॉर्म माझ्या पर्समध्ये आहे. मीच आणलाय. कोणाला सांगितलं नाही.

आणि गेल्या सोमवारी सकाळी एकदम म्हणाले, "होडीची बॅटरी चार्ज केलीस का? तीन मेला स्पर्धा आहे." माझ्या हातातली कॉफी सांडली. तळ्यावरची ही जोड्यांची स्पर्धा बाबा आणि रोंडल बावीस वर्षं खेळले. एका होडीत दोघं, पाच मासे, वजन करायचे आणि परत पाण्यात सोडायचे. मी लगेच म्हटलं, "बाबा, मी येते तुमच्याबरोबर." त्यांनी मान हलवली.

म्हणजे आता सगळं माझ्या मनगटावर आहे. रोंडलच्या जागी बसून मला मासा लावता आला तर बाबा उठत राहतील, होडी राहील, फॉर्म फाडून टाकीन. नाही आला तर ते परत त्या खुर्चीत जातील आणि मग तिथून काही उठायचे नाहीत. मी नर्स आहे, मला कळतं.

१५ एप्रिल, मंगळवार

आज तीन. तिन्ही गेले.

माझ्या काठ्या बाबाच बांधतात. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पक्कड घेऊन बसतात, खाटखुट चालू असतं. मला जिगला हात लावू देत नाहीत. "तुझ्या हातांना हॉस्पिटलच्या साबणाचा वास येतो पोरी, मासा थुंकून टाकेल." दोन महिने त्या साबणाने हात धुतले नाहीत! पण म्हटलं, जाऊ दे.

रोंडलची सीट मला उंच होते, पाय लोंबकळतात. जरा खाली करायला गेले तर म्हणाले, "राहू दे, परत वर करावी लागेल." का परत वर करायची? विचारलं नाही. त्यांना त्याची सीट मोडवत नसेल. मलाही नाही मोडवत.

१६ एप्रिल, बुधवार

चार. गेले. कपाळ माझं!

१८ एप्रिल, शुक्रवार

शेवटी होबार्टकाकांच्या दुकानात गेले. आमिषं, बर्फ, उकडलेले शेंगदाणे आणि फुकटचे सल्ले मिळायचं ठिकाण. बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. मी म्हटलं, "काका, रोंडलची काठी मला जड पडते. बदलू का?"

"नाचता येईना अंगण वाकडं! त्या काठीने तुझ्या भावाने भिंतीवर चार ढाली लावल्या. दाखव, झटका कसा देतेस ते."

दुकानातली केरसुणी धरून दाखवला. ते इतके हसले की दातांची कवळी सांभाळावी लागली.

"अगं, माशा हाकलतेयस का? माशाची टिचकी लागली की तू थेट काठी वर उडवतेस. तंगूस, ही गळाची दोरी, ढिली असते त्या वेळी! तुझा सगळा जोर त्या ढिलाईतच जिरतो, गळाला काही कळतच नाही. आधी काठीचं टोक पाण्याकडे खाली. रीळ फिरव, ढील सगळी आत घे. पलीकडे जड लागलं ना, की मग — कोपरं बरगड्यांना चिकटवून — हाण! बासचं तोंड म्हणजे आतून चामडं असतं. असा हाण की त्याचे डोळे तिरळे झाले पाहिजेत. आणि काठीकडे बघू नकोस. तंगूस पाण्यात शिरते तिथे बघ. ती बाजूला सरकली, उडाली, नाहीतर एकदम हलकी झाली, तर समज त्याने तोंडात घेतलीय."

केवढं सोपं! सात दिवसांत मला कोणी सांगितलं नाही. बाबांनी का नाही सांगितलं?

१९ एप्रिल, शनिवार

अंगणात बादली ठेवली, तिच्या कडीला तंगूस बांधली, वीस पावलं मागे गेले. टोक खाली, ढील आत, जड लागलं — हाण! पहिल्यांदा बादली नुसती डुलली. चाळिसाव्या वेळी उडून माझ्याकडे आली आणि आत साठलेलं सगळं पाणी माझ्या अंगावर!

ओसरीवरून आवाज आला. बाबा हसत होते. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा! मी भिजलेली तशीच उभी राहिले, हलले नाही. हललं तर थांबतील अशी भीती वाटली.

"रोंडलपण असाच शिकला. तेव्हा आठ वर्षांचा होता," म्हणाले.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी अनवाणी कॉफी करायला गेले तर टेबलाखाली पायात काहीतरी रुतलं. एवढासा पोलादी कण, पण सुईसारखा. मागच्या आठवड्यातही झाडताना दोन सापडले होते. बाबांच्या पकडीखालचा कचरा. त्यांना म्हटलं, कागद घालून बसत जा.

तळ्यावर पाच टिचक्या. पाचही बरोबर ओळखल्या! टोक खाली, ढील आत, हाण — आणि प्रत्येक वेळी दोन सेकंद जिवंत वजन, मग काही नाही. तेच ते! ये रे माझ्या मागल्या.

एक कौतुक मात्र माझं मलाच करू दे. ह्या बुडालेल्या झाडांच्या जंगलात माझा गळ एकदाही अडकला नाही. हात तेवढा बसलाय म्हणायचा.

२४ एप्रिल, गुरुवार

आज मी त्याला पाहिला. तिसऱ्या खुंटापाशी तंगूस हळूच डावीकडे चालायला लागली, मी ढील घेतली, हाणला, आणि मासा लागला! काठी कमानीसारखी वाकली. होडीपर्यंत आणला! पाठ हिरवीगार, डोकं माझ्या मुठीएवढं. अगदी बाजूला आला, आणि जांभई दिल्यासारखं तोंड उघडून जिग सोडून दिली. घाई नाही, काही नाही. शेपटी हलवत खाली गेला.

मी ओरडलेच.  बाबा उलट खूष! "जाऊ दे त्याला, जाऊ दे. स्पर्धेच्या दिवशी बघू." आणि वही काढली.

हातातोंडाशी आलेला घास गेला आणि ह्यांना काही वाटत नाही. माझ्याकडून त्यांनी कधी अपेक्षाच ठेवली नाही, हे कळलं. रोंडलच्या हातून असा सुटला असता तर होडीत उभे राहून शिव्या दिल्या असत्या.

२५ एप्रिल, शुक्रवार

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग फॉर्म काढून अर्धा भरला. नाव: एस्टिल गेंट्री. वय: ७९. 'स्वतःची कामे स्वतः करतात का?' इथे येऊन थांबले.

२८ एप्रिल, सोमवार

सात. मोजायचं बंद करते.

३० एप्रिल, बुधवार

वादळ. तळ्यावर गेलो नाही. मक्याचा पाव केला, घेवडा शिजवला. बाबांनी टेबल मांडलं, तीन ताटं. मी तिसरं गुपचूप उचललं. सवय. माझ्याही हातून पहिल्या महिन्यात व्हायचं.

संध्याकाळी अंगठा इतका दुखायला लागला की रीळ धरवेना. बर्फात घालून बसले.

१ मे, गुरुवार

आज नको ते केलं.

आणखी एक गेल्यावर काठी होडीत आपटली आणि बाबांवर ओरडले. "काय लिहिता त्या वहीत? मी किती नालायक आहे ते? मी रोंडल नाही! नाही होऊ शकत मी रोंडल! तो असता तर एव्हाना होडी भरली असती, तुम्हालाही माहितीये!" पाण्यावर आवाज केवढा घुमतो! पलीकडच्या होडीतले दोघं वळून बघायला लागले.

बाबांनी मोटर बंद केली. माझ्या पाठीवर हात ठेवला, जड, पूर्वीसारखा. "तू अगदी बरोबर करतेयस पोरी. जे पाहिजे तेच करतेयस." आणि खरंच तसं वाटत असल्यासारखे हसले.

सांत्वन! मला सांत्वन नको, मासा पाहिजे. एकच. परवा स्पर्धा आहे आणि मी वीस दिवसांत एक गळ रुतवू शकले नाही.

२ मे, शुक्रवार

देवा! देवा रे! हसतेय की रडतेय, माझं मलाच कळत नाही.

दुपारी बाबा डुलकी काढत होते. मी काठी तशीच उचलून होबार्टकाकांकडे गेले. त्यांना म्हटलं, उद्या बाबांबरोबर तुम्ही जा, माझ्याच्याने होत नाही. ते शेंगदाणे सोलत ऐकत होते. मग विचारलं, "कुठे खेळता?"

"खुंटांच्या खाडीत."

"तीन आठवडे? जिग किती गमावल्यास?"

"एकही नाही!" तेवढीच तर माझी शेखी.

त्यांचा हात थांबला. "त्या खाडीत दिवसाला चार जातात माझ्या." उठले, काठी घेतली, जिगची झालर बोटांनी बाजूला केली, गळ अडकू नये म्हणून लावलेले पुढचे राठ केस दाबले आणि गळ अंगठ्याच्या नखावरून ओढला. नखावर ओरखडासुद्धा नाही.

"लोरीन, ह्याला टोकच नाही."

मग टेबलाला धरून हसायला लागले. "अगं, एस्टिल म्हणजे म्हातारा कोल्हा! स्पर्धेआधीच्या सरावाला आम्ही सगळे असंच करतो. पकडीने टोक उडवायचं. मासा तोंडात घेतो, कळतं कुठे बसलाय ते, पण त्याला जखम नाही, तो शहाणा होत नाही. स्पर्धेच्या दिवशी तिथेच बसलेला असतो! तुला सांगितलं नाही त्याने?"

तुला सांगितलं नाही! म्हणजे अंगणच वाकडं होतं! माझ्या सगळ्या टिचक्या खऱ्या, झटके खरे. पायात रुतली ती टोकं होती, माझ्याच गळांची! आणि ती वही म्हणजे माशांचे पत्ते! बाबा उद्यासाठी एकेक मासा जपून ठेवत होते आणि मी त्यांच्यावर ओरडले.

काका दारापर्यंत आले. "एक मात्र आहे. आम्ही दोन-तीन दिवस करतो असं. तीन आठवडे कोणी नाही करत." मी म्हटलं, "बाबांना काळजी जास्त!" आणि त्यांच्या टकलाची पापी घेतली.

घरी येऊन फॉर्म फाडला. चार तुकडे, मग आठ. बाबांना काही बोलले नाही. त्यांची गंमत आहे, उद्या त्यांनाच सांगू दे. रोंडलचं जॅकेट काढून ठेवलंय. उद्या हाण!

३ मे, शनिवार, पहाटे

बाबा माझ्याआधी तयार. टेबलावर सहा नव्या जिग. नखावर ओढून पाहिल्या, सहाही कचकन अडकल्या.

मी जॅकेट घालून गाडीचं दार उघडलं. त्यांनी हात आडवा धरला. "तू कशाला थंडीत, पोरी? जा, झोप. तीन आठवडे खूप केलंस माझ्यासाठी." मग वही शेजारच्या सीटवर ठेवली, नीट, सरळ करून. "एकही मासा दुखावला नाही आपण. सगळे त्याच्यासाठी जागच्या जागी ठेवलेत. रोंडल येईलच एवढ्यात."

मी घरात येऊन बसलेय. खिडकीतून दिसतंय. इंजिन चालू, दिवे चालू, बाबा केस नीट विंचरून बसलेत.

आत्ताच हॉर्न वाजवला. हळूच, एकदाच. रोंडलला उठवायला वाजवायचे तसा.