ऑर्गनच्या बाकावरचं ब्लँकेट

प्लम लेक, सस्कॅचवान
१० मार्च

ती. नेटीवन्सं यांस,
व्हर्नाचा शि. सा. न. वि. वि.

चिमण्यांना दाणे टाकले, पायरीवरचा बर्फ ओढला, चहाचं आधण ठेवलं आणि मशीनमध्ये टॉवेल घातले. मशीन अर्धं रिकामं दिसलं. अर्धं मशीन फिरवणं मला जन्मात जमलेलं नाही. इकडेतिकडे पाहिलं तर खुर्चीवर ओरेस्टचं चौकड्यांचं ब्लँकेट होतं, आदल्या रात्री थंडी वाजली म्हणून मी आइस हॉकीच्या रिंकवरून खांद्यावर घेऊन आले होते ते. तेही घातलं. गेल्या सोमवारी सकाळी एवढंच घडलं, वन्सं, आणि आता गावातला जो तो मला बघून खोकतो.

तुमचा भाऊ ओरेस्ट गेल्यापासून रिंकवरच्या ऑर्गनला कोणी हात लावलेला नाही. मॅनेजर डार्सी कॉम्प्युटरवरून गाणी लावतो. सगळी एकाच चालीची, कोणीतरी ढोलासकट जिन्यावरून गडगडत यावं तशी. ऑर्गन काढून त्या जागी त्याला मक्याच्या नाचो चिप्सचं यंत्र बसवायचंय. पण बाकावर ओरेस्टचं ब्लँकेट पसरलेलं, शेजारी मी माझ्या जागेवर, आणि आपल्या गावचा संघ, आपले बॅजर्स, जिंकत होते. जिंकत असताना कशालाही हात लावायचा नाही. खेळाडूच काय, प्रेक्षकसुद्धा दाढ्या करत नाहीत आणि मेट्रो न्हावी महिनाभर दुकानात पेपर वाचतो. अंतिम फेरीत सातांपैकी चार सामने जिंकायचे असतात. पहिले दोन आपण घेतले. ब्लँकेट धुतल्यावर दोन घालवले.

प्रशिक्षकाची बायको शार्लीन कोबीचे रोल घेऊन आली. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर तिने ब्लँकेटची तब्येत विचारली. मी म्हटलं, वाळलंय. ती बिचारी डोळे पुसत गेली. डार्सी मात्र मोजपट्टी घेऊन ऑर्गनभोवती फिरताना दिसला.

बॅजर्स हरले तर पुढच्या वर्षी खेळतील. ऑर्गन गेला की बाक जाईल, मग मी कुणाशेजारी बसू? ब्लँकेटला त्याच्या कॉफीचा आणि गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास होता. आता साबणाचा येतो. हे मी शार्लीनला सांगितलं नाही.

टीव्हीवर मोठ्या संघांचे सामने आवाज बंद करून बघते, मांडीवर लायब्ररीचं पुस्तक असतं. आवाज ठेवला तर टाय लावलेले दोघे बडबडत राहतात. आपल्याला दिसलं ते एक जण सांगतो आणि पहिल्याने सांगितलं ते खरं आहे, असं दुसरा सांगतो.

तुमचा लोभ इकडच्या थंडीत गोठू देऊ नका.

तुमची,
व्हर्ना


व्हिक्टोरिया
१५ मार्च

चि. व्हर्ना हिस,
नेटीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा टीव्हीवर केकच्या स्पर्धेचा शेवटचा भाग चालला होता. त्यातल्या एका दाढीवाल्याला मी स्टुलावर पाय ठेवून ठेवून इथवर आणलं होतं. पाकीट फोडायला पाय खाली घेतले आणि त्याचा तीन मजली केक कलंडला. त्याचं पाप तुझ्या माथी.

प्लेऑफमध्ये ब्लँकेट धुणारी बाई आमच्या घराण्यात आजवर झाली नव्हती. आमचे बाबा शेवटच्या सामन्यापर्यंत एकच मोजे घालायचे, आई त्यांचं ताट गोठ्यात नेऊन ठेवायची. गाईंची तक्रार नव्हती. आता कांदा तळताना ब्लँकेट चुलीजवळ टांग, थोडी मोहरीची चटणी सांड, मेट्रोचा कुत्रा अजून जिवंत असेल तर त्याला वर झोपव.

मात्र खरं सांगू? ब्लँकेट मळवून ऑर्गन वाचणार नाही. वाजवणारं कोणी नाही म्हणून तो निघतोय. ओरेस्टच्या हातात कॉफीचा कप असला की प्रेक्षकांना चेतवणारी चढाईची ती सहा सुरांची तान कोण वाजवायचं? तुमच्याकडे आले होते त्या ख्रिसमसला मी मागेच बसले होते, आणि तेव्हा माझे कान शाबूत होते. मला येत नाही असं तू लिहिशील. ते पत्र टाकू नकोस, तिकीट वाया जाईल.

मागच्या आठवड्यात भाची मला मैफिलीला घेऊन गेली. कानातलं यंत्र नवं होतं, चांगलं ऐकू आलं. पण कोणी पाय आपटले नाहीत, पंचाला शिव्या दिल्या नाहीत. शेजारच्या बाईने माझ्या गोळीच्या कागदाकडे रागाने पाहिलं. इतकं गप्प बसून ऐकायचं तर मी घरी बहिरी बरी.

प्रेम आहेच, पण तान वाजवलीस तर वाढेल.

नेटी


प्लम लेक
२८ मार्च

ती. नेटीवन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मेट्रोने दुकानात वाचून दाखवायला मागितलं. मी फक्त कुत्र्यापर्यंतचा भाग दिला. कुत्रा दोन रात्री झोपला, मोहरी शार्लीनने सांडली. पुढचा सामना आपण जिंकलो, त्याच्या पुढचा हरलो. ब्लँकेट अर्धवट मळल्यामुळे निकालही अर्धवट लागला, असं गावाचं मत पडलं.

रविवारी सातवा सामना आपल्याच रिंकवर होता. मी ब्लँकेट बाकावर पसरलं आणि या वेळी शेजारी न बसता त्याच्यावर बसले. पाठीमागे मेट्रोने टोपी काढली. ऑर्गनचा खटका सापडेना, म्हणून खाली हात घालून चाचपडले, तर खटक्यामागे पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी खोचलेली. डॉक्टरांनी गोड बंद केल्यावर तुमच्या भावाने गोळ्या सोडल्याचं मला शपथेवर सांगितलं होतं. मी त्याला मनातल्या मनात जे बोलायचं ते बोलले आणि एक गोळी तोंडात टाकली.

मग वाजवलं. चौथा सूर चुकला. तरी सगळं रिंक ओरडलं, पाय आपटले, वरच्या पत्र्यावरून धूळ पडली. मला चेव आला आणि खेळ चालू असतानाच मी पुन्हा वाजवलं. पंचाने खेळ थांबवला, आमच्या कोपऱ्याखाली येऊन बोट नाचवलं. शार्लीन त्याच्यावर ओरडली की ती विधवा आहे, काही लाज बाळग. त्यावर तो म्हणाला, विधवांनीसुद्धा शिटी झाल्यावरच वाजवायचं असतं. ओरेस्टलाही तो असंच झापायचा. मला फार बरं वाटलं.

जादा वेळेत एका गोलने हरलो. ब्लँकेट माझ्या शेजारी हवं होतं, खाली नव्हे, असं मेट्रो म्हणतो. पण त्याच्याकडे दाढ्यांची रांग लागलीय, त्यामुळे फार दुःखी दिसत नाही.

डार्सी मोजपट्टी परत घेऊन गेला. नाचोचं यंत्र आता तिकीट खिडकीपाशी बसणार. अख्ख्या मोसमाला सहा सूर अपुरे पडतील, शरद ऋतूपर्यंत सातवा शिकशील का, असं त्याने विचारलं. मी लायब्ररीतून ऑर्गन शिकायचं पुस्तक आणलंय. पहिल्या धड्यात पाठ ताठ ठेवा म्हणून लिहिलंय. ओरेस्टने तो धडा वाचलेला नसावा.

गोळ्यांची पुडी होती तिथेच ठेवलीय. तुमचं प्रेम वाढलं असेल तर तसं कळवा.

तुमची,
व्हर्ना

ता. क. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. चिमण्यांना दाणे टाकले, मशीनमध्ये टॉवेल घातले. अर्धंच भरलं. तसंच फिरवलं.