झुडपामागचा मोनाल

प्रिय सुधामावशी,

आधी तक्रार नोंदवून घे. तुझ्या कॅमेऱ्याला दमट हवेपासून वाचवणारं ते विजेवरचं कपाट घाटकोपरला आणल्यापासून आमच्या स्वयंपाकघरात मिक्सरला प्लग उरलेला नाही. तीन आठवडे या घरात चटणी झालेली नाही. एका सुशिक्षित कुटुंबावर अशी वेळ यावी? लेन्स मात्र ठणठणीत आहेत.

पण पत्राचं कारण चटणी नाही. काल दिनेशचा फोन आला, तुला उत्तराखंडात पक्षी दाखवायला न्यायचा तो. तुझा फोन मी अजून चालू ठेवलाय. "बर्फ गिर गई है, मौसीजी कब आ रही हैं?" तू सप्टेंबरात कायमची गेलीस हे मी सांगितलं. मग तो त्या सकाळबद्दल बोलला.

ती सकाळ मला पाठ आहे, असं मी समजत होतो. चार वर्षांपूर्वी तुझी बॅग उचलायला म्हणून मी सोबत आलो होतो. उजाडायच्या आत तू दार वाजवलंस. मी रजईतून म्हणालो, "तू हो पुढे." तू दिनेशबरोबर गेलीस आणि मी शेगडीपाशी तीनदा चहा प्यायलो. दुपारी परतलीस तेव्हा तुझे ओठ निळे पडले होते आणि कॅमेऱ्यात नुसता बर्फ होता.

त्यावर मी पेपरातलं माझं विनोदी सदर लिहिलं. मुलुंडची एक मावशी मोनाल नावाचा रंगीत पक्षी टिपायला हिमालयात जाते आणि बर्फाचे साठ फोटो घेऊन येते. तेवढा बर्फ तर आमच्या फ्रीजमध्ये साचतो. लोक पोट धरून हसले. तुझ्या सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये विचारायच्या, काय मावशी, यंदा कुठला बर्फ? तूही हसायचीस. पुढे पक्षीमित्रांच्या बैठकीत फोटो दाखवणं तू बंद केलंस. मी विचारलं तर म्हणालीस, राहू दे रे, डोळे दुखतात. मी ते खरं मानलं. सोयीचं होतं ना!

दिनेश म्हणाला, मोनाल होता. दहा पावलांवर, झुडपामागे, पाठ करून. बर्फाचा गोळा मारून त्याला उठवतो, असं दिनेशनेच सुचवलं. पाहुण्यांना फोटो मिळावा म्हणून तो नेहमी तसंच करायचा. तू त्याचा हात धरलास.

"मत उडाव रे उसको. बर्फ में खाना किधर मिलता है? एक बार उडा तो दिन का ताकद गया."

दोन तास तू बर्फात बसून राहिलीस. मोनाल वळला नाही. दिनेशने मात्र त्यानंतर कुणासाठीही गोळा उचलला नाही.

मला का नाही सांगितलंस गं? तू म्हणाली असतीस, तू विचारलंस कधी? नव्हतंच विचारलं. सदराला रिकामा फोटो पुरेसा होता.

आज ते साठ फोटो मोठे करून पाहिले. एकात झुडपाखाली तांबूस शेपटीचं टोक दिसतं. बस, तेवढंच.

या रविवारच्या सदरात लिहिलंय, की त्या सकाळी मी तिथे नव्हतो, आणि तू काय केलंस. संपादकांनी विचारलं, यात विनोद कुठे आहे? मी म्हटलं, मागच्या वेळी जरा जास्त झाला होता.

पुढच्या बैठकीत तो फोटो मी दाखवेन. पक्षी कुठाय, असं कुणी विचारलं तर सगळी हकिगत सांगेन, शेगडीसकट. वचन देतो. फोटो दाखवणाऱ्यांच्या यादीत मघाशीच तुझं नाव लिहून आलो.

तुझा भाचा,
मिलिंद