सुनेचं जाड पुस्तक

३ फेब्रुवारी

शेजारची काल्बुबू टायर बदलायला माझ्या दुकानात आली आणि जाता जाता टोचून गेली — "सून बरी मिळाली हो तुला! अख्खा दिवस फोनात नाक."

"अभ्यास करते ती," मी म्हटलं.

"फोनात?" हसतच गेली.

खरंच करते! आयपेरी फोनवर प्रोग्रामिंगचं पुस्तक वाचते. मार्चअखेर बिश्केकच्या एका कंपनीची परीक्षा आहे. पास झाली तर नोकरी, आणि आमच्या मुलाला, मेदेरला, रशियातलं बांधकामावरचं काम सोडून बायकोजवळ राहता येईल. पण वाचणार कधी? फोन हातात दिसला की जो तो — "सूनबाई, चहा!" आमच्याकडे चहाची वाटी अर्धीच भरतात. पुन्हा पुन्हा भरण्यातच माया! या मायेपायी पोरीचं पान पुढे सरकत नाही.

९ फेब्रुवारी

टायर आणायला बिश्केकला गेलो, तिच्यासाठी छापील पुस्तक आणलं. इंग्रजी. "कोणतं देऊ?" दुकानदार. मी हातात तोलून बघितली आणि सगळ्यांत जड ते उचललं.

आयपेरीने पानं चाळली. खाली मान. "बाबा, छानच आहे... फक्त आठ वर्षांपूर्वीचं आहे. यातलं बरंचसं आता चालत नाही. फोनातलं ताजं आहे."

टायर घेताना आधी साल बघणारा मी!

"परत करू?"

"नको नको. राहू दे."

१७ फेब्रुवारी

चमत्कार! ते धूड मांडीवर उघडलं की कुणी हाक मारत नाही. काल्बुबूसुद्धा दारातच कुजबुजली, "अभ्यास चाललाय? बसू दे बाई, बसू दे." आणि माझ्या थोरल्या भावाने स्वतः उठून किटली उचलली. जन्मात पहिल्यांदा!

२ मार्च

आज तिच्या मागून गेलो. पुस्तकाच्या पानांत फोन! म्हाताऱ्याच्या पोटात तरणं. मी खोकलो, जनावरांकडे बघायला जातो म्हणालो. छापील बरं की फोनातलं, असा वाद घालतात लोक. आमच्या सुनेने दोघांनाही कामाला लावलं. धंद्यात असती तर मला विकून खाल्लं असतं!

२१ मार्च

नूरूझ, आमचं नवं वर्ष. घरभर पाहुणे. पुस्तक उघडं.

३१ मार्च

पास!! मेदेर फोनवर नुसता नाक ओढत होता. माझ्या अनारकानने मायेनं सुनेचं कपाळ हुंगलं, मग डोक्याच्या रुमालाआड मला — "आता फोन पुस्तकाबाहेर काढ म्हणावं हिला." म्हणजे बायकोलाही ठाऊक होतं!

६ एप्रिल

आयपेरी बिश्केकला गेली. निघताना पुस्तक तिच्या पिशवीत घालत होतो, तर अनारकान म्हणाली, "ते राहू दे इथंच." तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही.

दुपारी घरी आलो. अनारकान खिडकीपाशी बसलेली — पुस्तक मांडीवर उघडं, नजर बाहेर डोंगरावर. चहा मागायला तोंड उघडलं. मिटलं.

चहाची पत्ती कुठे ठेवतात, ते शोधायला बराच वेळ लागला.