गाढवाच्या डोळ्यांतलं पाणी

प्रिय बबडी,

हे पत्र वाचताना जावयांना शेजारी बसवू नकोस. त्यांचाही उल्लेख आहे आणि तो फारसा गोड नाही. शिवाय मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि आपण दोघी भांडताना तिसरं माणूस असलं की तू लगेच शहाण्यासारखी वागायला लागतेस.

गेल्या आठवड्यात मी तुझ्या फार्मवर येऊन गेले. तुला कळलं नाही, कारण मी रांगेत उभी राहून तिकीट काढलं. मावशीच्या इमारतीतल्या बायकांनी सहल काढली होती. समुद्रकाठच्या छोट्या छोट्या प्राणीबागा, एका दिवसात तीन. मावशीचे गुडघे काही तिला बसमध्ये चढू देत नाहीत, म्हणून तिने मला पुढे केलं. "जा गं, घरात बसून पुस्तकं तरी किती चावशील." तिसरं ठिकाण कुठलं ते बस सुटल्यावर कळलं. म्हटलं, जाऊ दे. तुझे बाबा गेल्यापासून मी तिथे पाऊल ठेवलेलं नाही. पाहुणी म्हणून गेले तर निदान कुणी कोपराला धरून "सांभाळून हं" तरी म्हणणार नाही. त्या बायकांना मी मावशीची बहीण, पुस्तकवाली, एवढीच ठाऊक आहे. मी कुणाची कोण ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

पहिल्या ठिकाणी ससे होते. बाकावर ओळीने बसायचं, मांडीवर टॉवेल टाकून घ्यायचा, मग एक माणूस टोपलीतून ससा काढून आपल्या मांडीवर ठेवतो. फोटो काढला की ससा पुढच्या मांडीवर. माझ्या वाट्याला आलेला ससा अगदी गप्प बसला होता. शेजारची शिवणवाली म्हणाली, "बघा किती माणसाळलाय." माणसाळलेला नव्हता गं, घाबरून थिजला होता. मी त्याला हात लावला नाही. बाबा गेल्यावर ते तेरा-चौदा दिवस माझंही असंच चाललं होतं. जो येईल तो पाठीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, किती धीराने घेतलं हो.

दुसऱ्या ठिकाणी एक शहामृग होतं, आणि कागदी कपातून विकत मिळणारं खाद्य. लोक कप संपेपर्यंत चारत होते आणि मग दुसरा कप घेत होते. शहामृगाचं काय, ते बटणंसुद्धा गिळतं. एका आजोबांनी चष्मा दाखवला, तोही गेला. सगळे हसले, आजोबा सोडून. मीही हसले. तोवर माझा दिवस बरा चालला होता, हे तुला मुद्दाम सांगते. मी रागावून आले नव्हते. राग मला तुझ्याकडे मिळाला.

रंग छान दिलास. रस्त्याच्या बाजूचं कुंपण नवं केलंस, ते फारच बरं झालं. बदकांच्या डबक्याला कठडा, तोही ठीक. तिकीटखिडकीत नवा माणूस आहे, त्याने "सीनिअर का?" एवढंच विचारलं, मान वर केली नाही. मी शेळ्या पाहिल्या. चितकबरीला करडू झालंय, हे तू फोनवर सांगितलं नव्हतंस. फोनवर तू मला फक्त जेवलीस का आणि गोळ्या घेतल्यास का विचारतेस. त्या दोन प्रश्नांची उत्तरं देऊन देऊन मी थकले आहे.

मग आम्ही गाढवाकडे आलो. तिथे सावलीसाठी छप्पर केलंय, बाक टाकलेत, आणि माईकवाली एक मुलगी उभी असते. मुलगी गोड आहे, तिचा काही दोष नाही, तिला जे पाठ करायला दिलंय ते तिने म्हटलं. मला आधी वाटलं, ती दुसऱ्याच गाढवाबद्दल बोलतेय. कारण ती म्हणाली, "हा आपला राजा." अगं, त्याचं नाव जावईबुवा. सकाळी सगळ्यांच्या आधी त्याला खायला लागायचं, जरा उशीर झाला की रुसून भिंतीकडे तोंड करायचा, आणि काम सांगितलं की पाय दुखायचे. म्हणून बाबांनी ते नाव ठेवलं, तेव्हा तुझं लग्न ठरलंही नव्हतं. पुढे खरे जावई आले आणि त्यांना ते नाव झोंबलं. बाबा मला म्हणाले होते, "नाव आधीपासूनचं आहे, हवं तर जावई बदला." ते तुला आज पहिल्यांदा सांगते आहे. तर तुम्ही जावई ठेवलेत आणि नाव बदललंत. तेही मी गिळलं असतं.

पण पुढचं कसं गिळू? ती मुलगी म्हणाली, की राजाचा मालक एका वादळी रात्री गोठ्यात एकटाच कोसळला. जवळ कुणी नव्हतं. राजा रात्रभर त्याच्या उशाशी उभा राहिला. पहाटे लोक आले तेव्हा राजाच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते, आणि त्या दिवसापासून ते थांबलेले नाहीत. या, जवळ या, आजही तुम्हाला दिसतील. आणि लोक गेले की गं जवळ. पाहिलंही. "खरंच की," म्हणाले. आमच्यातल्या एक बाई आयुष्यभर नर्स होत्या, माणसं मरताना पाहण्याची त्यांना सवय आहे, त्यासुद्धा पदराने डोळे टिपायला लागल्या. "माणसांपेक्षा जनावरं बरी हो," असं म्हणून त्यांनी त्या मुलीला विचारलं, "आणि त्या मालकाची बायको कुठे होती म्हणे तेव्हा?"

मुलगी जराही अडखळली नाही. "त्यांच्या मिसेस बाहेरगावी होत्या."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

बसमध्ये शिवणवालीने लिमलेटची गोळी दिली, ती चघळत खिडकीबाहेर बघत बसले. घरी आल्यावर मावशीने विचारलं, कशी झाली सहल? मी म्हटलं, शहामृगाने एकाचा चष्मा खाल्ला.

बबडी, मी चौथीत शाळा सोडली हे खरं. नीट वाचायला मी खाद्याच्या पोत्यांवरून शिकले, मग गुरांच्या डॉक्टरांच्या माहितीपत्रकांवरून, मग पर्यटक बाकावर विसरून गेलेल्या कादंबऱ्यांवरून. पण आता इतकी वर्षं वाचते आहे की खोटं वाक्य मला वासावरून कळतं. बाहेर एक फलकही आहे, तुझ्याच भाषेतला. "त्या रात्री जणू आभाळही रडलं." आभाळ? भर दुपारची वेळ होती, आणि ऊन असं की पत्र्याला हात लागला तर फोड यावा. आणि त्या गाढवाचे डोळे गेली कित्येक वर्षं वाहतात, वाऱ्याबरोबर वाळू जाते म्हणून. औषधाचे थेंब घालायचे असतात त्यात, दोन्ही वेळा. तुम्ही ते बंद केलेत का? मला नक्की माहीत नाही, पण डोळ्यांच्या कडा लाल दिसल्या. लोकांना अश्रू दिसावेत म्हणून जर कुणी थेंब घालत नसेल, तर बबडी, ते मी कधीच विसरणार नाही.

तू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलीस. तुला उशीर झाला त्यात तुझी चूक नव्हती, विमानं काही आपल्या हाकेवर नसतात. आल्यावर तू डॉक्टरांना विचारलंस. गुरांच्या डॉक्टरांना विचारलंस. समोरच्या पेट्रोलपंपावर जाऊन तिथल्या माणसालाही विचारलंस, की रुग्णवाहिका कधी आली. सगळ्यांना विचारलंस. माझ्याजवळ आलीस आणि म्हणालीस, "आई, चहा घेतलास का?" मला वाटलं, विचारेल उद्या. मग वाटलं, विधी उरकले की विचारेल. मग तू मला मावशीकडे पोचवलंस, माझी पुस्तकं खोक्यांत भरलीस, आणि फार्म चालवायला घेतलंस. फार्म घेतलंस ते चांगलं केलंस, नाहीतर विकलं गेलं असतं. पण जी गोष्ट मला विचारली असतीस तर मिळाली असती, ती तू मनाने रचलीस. आणि त्यात मी बाहेरगावी होते.

तर आता ऐक, न विचारता सांगते. फार्मच्या आठवडी सुट्टीचा दिवस होता, लोक नव्हते. आम्ही दोघं शेळ्यांच्या कुंपणात झाडलोट करत होतो. जावईबुवा नेहमीसारखा आमच्या मागे मागे, कारण बाबांच्या खिशात त्याच्यासाठी पावाचे वाळके तुकडे असायचे. बाबा म्हणाले, "जरा बसतो गं," आणि गव्हाणीच्या कडेवर बसले. बसले ते एका अंगाला कलंडले. मी फावडं टाकून धावले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. रंग उतरला होता, पण डोळे उघडे होते आणि मला ओळखत होते. ते म्हणाले, "आधी कडी."

ते दोन शब्द तुला वेगळे समजवायला नकोत. आपल्या घरचा नियम. आत-बाहेर करताना काहीही होवो, आधी फाटकाची कडी, मग बाकीचं जग. तू लहान असताना त्याच फाटकावरून पडून हनुवटी फोडून घेतलीस तेव्हा त्यांनी आधी कडी लावली आणि मग तुला उचललं. मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नव्हते. पण बाहेर हमरस्ता, त्यावर ट्रक, आणि तुझ्या जन्माआधी एक करडू कसं गेलं ते आम्ही दोघांनी पाहिलेलं. कचरा न्यायला मी फाटक उघडलं होतं आणि ते सताड उघडं होतं. शेळ्या तिकडे निघालेल्या. मी गेले. त्यांचं डोकं हळूच खाली ठेवलं, माझी ओढणी खाली घातली, आणि गेले. तुला ते फाटक माहीत आहे. खाऱ्या हवेने बिजागऱ्या सडलेल्या, खांद्याने उचलल्याशिवाय कडी बसत नाही. एकदा निसटली. दुसऱ्यांदा बसली. मी परत आले तेव्हा ते गेले होते, आणि ते गाढव त्यांच्या खिशात तोंड घालून पाव खात होतं. चांगलं मन लावून खात होतं.

म्हणजे तुझी गोष्ट सगळीच खोटी नाही. फाटकापाशी जाऊन परत यायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ त्यांच्याजवळ खरोखर तेच होतं, मी नव्हते. डॉक्टर म्हणाले, बसून राहिला असतात तरी काही झालं नसतं. मला ते पटतं. मी तुझ्याकडे माफी मागत नाहीये, कडी लावणं बरोबरच होतं आणि त्यांनीच सांगितलं होतं. पण तेवढ्या वेळासाठी मी त्या गाढवाला अजून माफ केलेलं नाही. आणि तू त्या तेवढ्याची अख्खी रात्र केलीस, त्यावर छप्पर घातलंस आणि समोर बाक टाकलेस.

का केलंस ते मला समजत नाही असं नाही. तू नव्हतीस, आणि ते एकटे गेले नाहीत असं कुणीतरी तुला म्हणायला हवं होतं. मी म्हटलं असतं. मी होते तिथे.

काल तुझं निमंत्रण आलं. रविवारी फाटकाशी राजाचा सिमेंटचा पुतळा बसणार, आई, तू फक्त ये, पुढच्या खुर्चीवर बस, आणि येताना बाबांचा एखादा चांगला फोटो आण. त्याचं उत्तर म्हणून हे पत्र आहे. फोटो मी आणणार नाही. फलक रविवारच्या आधी उतरवून ठेव. माईकवाल्या मुलीला सांग, मिसेस बाहेरगावी नव्हत्या, एवढं एक वाक्य तरी बदल. पुतळा केलाच आहे तर बसवा, मुलं त्यावर चढतील, त्यांना आवडेल. मी शनिवारीच येते, दुपारच्या गाडीने. तू एकटी न्यायला ये. घरी पोचल्यावर चहा ठेवू नकोस, गोळ्यांचं काढू नकोस. माझ्यासमोर बस आणि मला विचार, आई, बाबा कसे गेले. सगळं इथे लिहिलं आहे, तरी विचार. तोंडाने विचार.

रागावलेली असले तरी तुझीच,
आई